एकच गीत, अनेक कंठ

सह्याद्री आणि सागर यांच्या दरम्यान डहाणू व तलासरी हे तालुके पसरले आहेत. सरावली हे गाव याच भागातले. पावसाळा सरून नवे भात घरात येऊ लागले, की या परिसरातील पाड्यांवर सायंकाळी तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांतून वारली कारागीर हे वाद्य घडवितो. वादकाने चाल बदलली, की फेर धरून नाचणाऱ्यांची पावलेही बदलतात. या चाली कोणी लिहून ठेवल्या नाहीत. तरुण त्या वृद्धांकडून ऐकतो व शिकतो. वारली विवाहात धवलेरी जी गाणी गाते, तीही अशीच मुखोमुखी चालत आली आहेत. मग यांतले मूळ गाणे कोणते आणि अनुकरण कोणते? ते सांगता येणार नाही. कारण पहिला गाणारा कोण होता, हेच कोणास ठाऊक नाही.

जेथे पहिला गायक ठाऊक असतो, तेथे मात्र तुलना करता येते. गीतरामायण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर यांनी गीते रचावी, सुधीर फडके यांनी त्यांना चाली द्याव्या आणि आठवड्यास एक नवे गीत श्रोत्यांच्या कानी पडावे, असा क्रम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली.

मूळ कार्यक्रमात निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायकांनी गायिली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर अशा अनेकांचा त्यांत सहभाग होता. सीतेचे दुःख स्त्रीच्या कंठातून ऐकू येई. त्यामुळे कोण बोलत आहे, हे श्रोत्यास आवाजावरूनच उमगे.

पुढे सुधीर फडके यांनी ही सर्व ५६ गीते स्वतःच्या आवाजात गायिली. हार्मोनियम वाजवीत ते गावोगावी कार्यक्रम करीत. आता कौसल्येचे वात्सल्य, सीतेचा शोक आणि रामाचा संयम हे सारे एकाच कंठातून प्रकट व्हावयाचे होते. आवाज बदलणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी शब्दांवर भर दिला. कोणता शब्द हळुवार उच्चारावा, कोठे क्षणभर थांबावे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. आवाजांतील विविधता गेली खरी. परंतु सारी कथा एकच कथेकरी सांगत आहे, असा नवा अनुभव श्रोत्यांस मिळाला. ही गीते अन्य भाषांतही गेली. तलासरीच्या सीमेपलीकडील गुजराती भाषेतही त्यांचा अनुवाद झाला.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे आहे. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगमंचावर आले. त्यास जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करीत. १९८३ साली वसंतराव निवर्तले, तेव्हा त्यांचा नातू राहुल अगदी लहान होता. २०१५ साली या नाटकावर चित्रपट निघाला. त्यात खाँसाहेबांची पदे याच राहुल देशपांडे यांनी गायिली. नाट्यगृहात प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' म्हटले, की गायकास पद खुलवून पुन्हा गाता येते. चित्रपटात तशी मोकळीक नसते. थोड्या वेळात सारा रंग भरावा लागतो. आजोबांची प्रत्येक तान जशीच्या तशी उचलून हे साधले नसते.

रामायणाच्या कथेतच याचे मर्म सापडते. काव्य रचिले वाल्मीकींनी. परंतु रामापुढे ते गायिले लव आणि कुश यांनी. त्या बालकांनी ते गायिले नसते, तर ते आश्रमातच राहिले असते. गीत पुन्हा कोणी गायिले नाही, तर ते हळूहळू विसरले जाते. केवळ नक्कल केली, तर शब्द व सूर राहतात, पण त्यांतील प्राण हरपतो. मुळाचा आदर राखून स्वतःचे काही देणारा गायकच गीताला नवे आयुष्य देतो. पाड्यावर तारप्याची जुनी चाल शिकणारा मुलगाही हेच कार्य करीत असतो.

स्वाध्याय
१. तारप्याच्या चालींतील मूळ चाल ओळखणे अवघड का आहे?
२. गीतरामायण एकाच कंठातून गाताना काय गेले व काय मिळाले?
३. तुमच्या घरातील दोन व्यक्तींकडून एकच ओवी किंवा गाणे ऐका आणि त्यांतील साम्य व भेद पाच वाक्यांत लिहा.