ओतीव गोळी आणि तिला साजेशी दारू

बऱ्हाणपूरच्या तटाबाहेर वसलेल्या पुऱ्यांमध्ये बहादूरपुरा हा सर्वांत संपन्न गणला जाई. आजचे बहादरपूर हे गाव त्याच नावाचा वारसा सांगते. १६८१ च्या जानेवारीअखेर छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखाली या पुऱ्यावर अकस्मात झडप घातली आणि तीन दिवस तेथील पेठा लुटल्या. मात्र तटाच्या आतील शहर मराठ्यांच्या हाती आले नाही. तटावर तोफा होत्या आणि तोफांमागे दारूगोळा होता. पुऱ्यांना यांपैकी कशाचाच आधार नव्हता. एका बाजूस सराफी पेढ्या, दुसऱ्या बाजूस दारूची कोठारे, आणि दोहोंमध्ये केवळ एक भिंत, अशी या शहराची तत्कालीन स्थिती होती.

येथून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या अशीरगडाने दारूची दुसरी बाजू दाखविली. मार्च १८१९ मध्ये इंग्रज फौजेने शिंद्यांच्या ताब्यातील या गडाला वेढा घातला. किल्लेदार यशवंतराव लाड हे होते. २१ मार्च रोजी इंग्रजांच्याच मोर्चामागे साठविलेल्या दारूचा अपघाताने भडका उडाला आणि बंगाल पायदळाचे सुमारे शंभर शिपाई क्षणार्धात मृत वा जखमी झाले. गडावरून सुटलेल्या गोळ्याने एवढी हानी क्वचितच केली असेल. ९ एप्रिल रोजी गड शरण आला. परंतु त्या शंभर जणांचा घात शत्रूने केलेला नव्हता, स्वतःच्या दारूने केला होता. दारूची निवड आणि तिची जपणूक हा विषय केवळ नेमबाजांच्या कुतूहलाचा नाही, हे ध्यानात यावे म्हणून हा प्रसंग आरंभीच नमूद केला आहे.

दाणा आणि नळी

सोरा, कोळसा व गंधक यांच्या मिश्रणापासून होणाऱ्या काळ्या दारूत निवडीला वाव होता तो मुख्यतः दाण्याच्या आकारात. दारूचा प्रत्येक दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. दाणा बारीक असेल तर तेवढ्याच वजनाच्या दारूचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि ज्वलन झपाट्याने होते. म्हणून तोफेसाठी जाड दाणा, बंदुकीसाठी त्याहून बारीक आणि कानात घालावयाच्या रंजकेसाठी सर्वांत बारीक, असा क्रम जुन्या गोलंदाजांनी अनुभवाने ठरविला होता. रसायनशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता त्यांनी साधलेले हे ज्ञान आजही चुकीचे ठरलेले नाही. तोफेत बंदुकीची दारू भरणाऱ्याची तोफ फुटे, आणि बंदुकीत तोफेची दारू भरणाऱ्याची गोळी वाटेतच दम टाकी.

गोळी साच्यात ओतली जाई. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. एवढी उष्णता गावातल्या कोणत्याही भात्यावर सहज मिळते. मात्र भारतात शिशाची वाण असल्याने बराचसा पुरवठा परकीय वखारींकडून होत असे. १६७३ साली शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफांसोबत बंदुकांसाठी शिसेही खरेदी केल्याचे इतिहासकार सांगतात. दारू आणि गोळी या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

निर्धूम दारूचे आगमन

काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात उरतो. धूर व नळीतील काजळी ही त्याचीच रूपे होत. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूम दारू सिद्ध केली. पुढे १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये इंग्लंडची कॉर्डाइट ही नायट्रोग्लिसरीनयुक्त दारू आली. भारतात निलगिरीतील अरुवनकाडू येथील कॉर्डाइट कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. खडकीचा दारूगोळा कारखाना त्याच्याही आधीचा, १८६९ चा आहे.

या बदलाने एक विलक्षण अडचण निर्माण केली. निर्धूम दारू वजनाने व आकारमानाने फारच थोडी लागते; परंतु काडतुसाच्या नळकांड्या काळ्या दारूच्या मापाने घडविलेल्या होत्या. इंग्रज लष्कराच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची नळकांडी १८९० च्या दशकात मुद्दाम आखूड करण्यात आली, कारण जुन्या लांब नळकांडीत कॉर्डाइटची चिमूट सैल पडे आणि नीट पेट घेत नसे. दारू बदलली की भांडेही बदलावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

पिस्तुलाची नळी आखूड, बहुधा दहा-बारा सेंटिमीटर. गोळी तिच्यातून एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बाहेर पडते. तेवढ्यात दारू जळून पूर्ण झाली पाहिजे. म्हणून पिस्तुलास शीघ्र जळणारी दारू लागते. रायफलीची मंद दारू त्यात घातल्यास तिचा मोठा भाग नळीच्या तोंडाशी ज्वाळा होऊन वाया जातो. उलटपक्षी पिस्तुलाची शीघ्र दारू रायफलीच्या मोठ्या नळकांडीत गेली तर दाब एकदम चढून कोठी फाटते. तोफ आणि बंदुकीचा जुना नियम येथे केवळ नव्या वेषात अवतरला आहे.

ओतीव शिशाच्या गोळीस आणखी एक पथ्य असते. तांब्याचे वेष्टन नसल्याने ती मऊ असते. दाब योग्य असला तर तिचा बुडखा किंचित फुगून नळीच्या खोबणीत घट्ट बसतो आणि वायू पुढे निसटत नाही. दाब अपुरा पडला तर तप्त वायू कडेने वाट काढून शिसे खरवडतात. दाब अतिरेकी झाला तर गोळी खोबणीत टिकाव न धरता घसरते. दोन्ही प्रकारांत नळीत शिशाचा थर साचतो आणि नेम बिघडतो. यासाठी शिशात अँटिमनी व कथील मिसळून ते कठीण केले जाते, गोळीच्या खाचांत मेणचट वंगण भरतात, आणि वेग मध्यम राखतात. ओतीव गोळीसाठी सर्वांत जोरकस दारू ती सर्वोत्तम, ही समजूत म्हणूनच भ्रामक आहे. जाणकार विदेशी नेमबाज तर आणखी एक कसोटी लावतात. दारू एवढी फुलीर असावी की चुकून दुप्पट माप पडले तर नळकांडीतून बाहेर सांडावे. अत्यल्प जागा व्यापणाऱ्या दारूचे दुहेरी माप डोळ्यांना दिसतच नाही, आणि ज्याला दिसले नाही त्याचा हात गेल्याची उदाहरणे पाश्चात्त्य देशांत थोडीथोडकी नाहीत. तेथेही माप ठरते ते दारू बनविणाऱ्याने छापलेल्या कोष्टकावरून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसात सुमारे २,३५० बार इतका कमाल दाब मान्य केलेला आहे. जुन्या वेब्लीस त्याच्या निम्म्याहूनही कमी दाब पेलतो. मग चोरून घडविलेल्या, कोणतीही कसोटी न लावलेल्या नळीत काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. बऱ्हाणपूर जिल्ह्यात गावठी पिस्तुलांविरुद्ध पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागली आहे. अशी नळी फुटते तेव्हा तिचा पहिला बळी बहुधा ती धरणारा हातच असतो.

कायदा आणि कोठार

भारतात काडतुसे भरणे ही घरगुती हौस होऊ शकत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अनुज्ञप्तीवाचून दारूगोळ्याची निर्मिती करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मात्र या अधिनियमाने स्पष्टपणे मान्य केला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्यांस त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सैन्य व पोलीस दलास लागणारी लहान शस्त्रांची काडतुसे तापीच्याच खोऱ्यात, भुसावळजवळच्या वरणगाव येथील १९६४ साली स्थापन झालेल्या कारखान्यात तयार होतात. तेथे दारूचा प्रत्येक साठा तपासून मगच वापरला जातो. इतकी दक्षता घेऊनही धोका सर्वस्वी टळत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगारांनी प्राण गमावले.

परवानाधारकाजवळील दारूच्या साठवणीविषयी अठराव्या शतकातील एक मराठी ग्रंथ आजही वाचण्याजोगा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांजवळ वा वस्तीच्या वाऱ्याच्या वाटेवर नसावा, दारू सर्द होऊ देऊ नये आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन दाखवून पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे सांगितले आहे. काळ्या दारूस हा उपदेश अचूक लागू पडतो, कारण ओल हीच तिची मुख्य वैरी होय. निर्धूम दारूस मात्र तोच उपाय घातक ठरेल. नायट्रोसेल्युलोज उष्णतेने हळूहळू विघटित होते. ते लांबविण्यासाठी तिच्यात स्थिरकारक द्रव्य मिसळतात, पण उन्हाने तेही लवकर संपते. खानदेशात वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या डब्यातील दारूला उग्र आम्लाचा वास येऊ लागला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती बिघडली असे समजावे. असा डबा हलवू नये, त्यातील दारू घरच्या घरी जाळण्याचा प्रयत्न करू नये. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. आजोबांच्या काळातील अज्ञात डबा माळ्यावर सापडला, तरी हाच मार्ग अनुसरावा. डब्यावरील चिठ्ठी पुसली गेली असेल तर आत काळी दारू आहे की निर्धूम, हे केवळ रंगावरून ओळखता येत नाही. कारण ग्रॅफाइटचा लेप दिलेली निर्धूम दारूही काळीच दिसते.