तीन कुलांचे एकच कुल
खोल समुद्रातील माशांचे वर्गीकरण आणि ओळख

समुद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे २०० मीटर खोलीपर्यंतच वनस्पतींच्या वाढीस पुरेसा सूर्यप्रकाश पोहोचतो. त्याखाली तो झपाट्याने क्षीण होत जातो आणि १,००० मीटरच्या पलीकडे त्याचा मागमूसही उरत नाही. तेथील पाणी थंड असते. दर १० मीटर खोलीमागे सुमारे एक वातावरण या प्रमाणात दाब वाढत जातो. अन्नही अत्यंत तुटपुंजे असते. १,००० ते ४,००० मीटरच्या या काळोख्या पट्ट्यात वावरणारे मासे माणसाला जिवंत स्थितीत क्वचितच पाहावयास मिळतात. त्यांचा परिचय होतो तो बहुधा जाळ्यातून वर आलेल्या, त्वचा सोललेल्या आणि पर तुटलेल्या मृत नमुन्यांवरून. अशा अपुऱ्या पुराव्यावरून माशाची जात ठरविणे हे प्राणिशास्त्रातील एक कठीण काम आहे.

ओळख कशी पटवितात

नमुना हाती आल्यावर तज्ज्ञ प्रथम त्याच्या शरीराची मोजमापे घेतात. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास आणि जबड्याची लांबी यांचे एकूण लांबीशी असलेले प्रमाण काढले जाते. नंतर प्रत्येक परातील काट्यांची व किरणांची संख्या, कल्ल्यांच्या कमानींवरील दंतुर काटे आणि पार्श्वरेखेवरील छिद्रे मोजतात. मणक्यांची संख्या क्ष-किरण छायाचित्रावरून कळते. लहान नमुन्यांचे मांस रासायनिक क्रियेने पारदर्शक करून हाडे तांबड्या व कूर्चा निळ्या रंगाने रंगविण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे शवविच्छेदन न करता सांगाडा पाहता येतो.

एखादी जात नवीन ठरल्यास तिचे वर्णन प्रसिद्ध केले जाते व एक नमुना तिचा प्ररूप म्हणून संग्रहालयात जतन केला जातो. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने या नमुन्याकडे परत यावे, असा संकेत आहे. भारतीय सागरातील खोल पाण्याच्या माशांचे बरेचसे प्रारंभिक नमुने 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने गोळा केले. त्या जहाजावर शल्यवैद्य व निसर्गवैज्ञानिक म्हणून काम केलेल्या ॲल्फ्रेड ॲल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील अशा माशांची वर्णनात्मक सूची १८९९ साली प्रसिद्ध केली.

ही सारी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: दिसण्यात साम्य असलेले ते जवळचे व भेद असलेले ते दूरचे. बहुतेक वेळा हे गृहीत खरे ठरते. परंतु बेडकाचे पिलू आणि बेडूक ज्याने प्रथमच वेगवेगळे पाहिले असतील, त्याची या कसोटीने फसगतच होईल. माशांच्या बाबतीत असे प्रत्यक्षात घडले आहे. पारदर्शक, पानासारखा चपटा असा एक लहान मासा १८५६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदविला गेला. तो युरोपीय बामचा डिंभ आहे, हे १८९० च्या दशकात ग्रासी व कालांद्रुच्चिओ या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. खोल समुद्रातील गळमाशाच्या अंगाला चिकटलेले इवलेसे मासे हे पिल्ले नसून त्याच जातीचे नर आहेत, ही गोष्ट ब्रिटिश तज्ज्ञ टेट रीगन यांनी १९२५ मध्ये उघड केली. या दोन्ही घटनांहून विलक्षण ठरले ते व्हेलमाशांचे प्रकरण.

तीन निरनिराळे मासे

अमेरिकन शास्त्रज्ञ गुड व बीन यांनी १८९५ मध्ये सेटोमिमिडी या कुलाची स्थापना केली. देवमाशासारखा देह आणि प्रचंड जबडा यांमुळे या माशांना व्हेलमासे असे नाव मिळाले. आकाराने मात्र ते लहानच. सर्वांत मोठे सुमारे ४० सेंटिमीटर भरतात. त्यांचे डोळे अगदी बारीक असतात. उलट पार्श्वरेखा रुंद व मोठ्या छिद्रांची असते. काळोखात भक्ष्याची चाहूल पाण्याच्या हालचालींवरून घेण्यास ती उपयोगी पडते. त्यांना श्रोणिपर नसतात.

दुसरे कुल मिरॅपिनिडी. याची स्थापना बर्टेल्सन व मार्शल यांनी १९५६ मध्ये केली. अझोरेस बेटांच्या उत्तरेस १९११ साली सापडलेल्या एका लहानशा माशाच्या अंगावर केसांसारखी वाढ होती. म्हणून बायबलमधील केसाळ इसाव याचे नाव त्याला देण्यात आले. या कुलातील इतर माशांच्या शेपटीला शरीराच्या लांबीच्या अनेक पट लांब अशी फीत असते. हे मासे वरच्या २०० मीटरच्या थरात सापडत. त्यांचे तोंड लहान व वर वळलेले असते आणि त्यांना श्रोणिपर असतात.

तिसरे कुल मेगॅलोमिक्टेरिडी, म्हणजे मोठ्या नाकाचे मासे. हे खोल पाण्यातील, काही सेंटिमीटर लांबीचे आहेत. त्यांचे घ्राणेंद्रिय अवाढव्य असते. वरचा जबडा मात्र हलत नाही. त्यांना अन्ननलिका नाही व जठरही नाही.

कोड्याची उकल

वरवर पाहता या तिघांत पृष्ठपर व गुदपर शेपटीजवळ समोरासमोर असणे यापलीकडे फारसे साम्य नव्हते. तथापि संग्रहालयांतील नोंदी एकत्र ठेवल्यावर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येई. व्हेलमाशांचे सुमारे ६०० नमुने गोळा झाले होते. त्यांतील सर्व प्रौढ माद्याच होत्या. फीतपुच्छ माशांचे शंभराहून अधिक नमुने होते. त्यांतील एकही प्रौढ नव्हता. मोठ्या नाकाचे मासे मात्र नर होते. पिल्ले नसलेले एक कुल, प्रौढ नसलेले दुसरे आणि माद्या नसलेले तिसरे!

फीतपुच्छ मासे हे व्हेलमाशांचे डिंभ असावेत, अशी शंका १९७० च्या दशकात व्यक्त झाली होती. परंतु श्रोणिपरांचा मुद्दा आड येत होता. पिल्लाला असलेला अवयव प्रौढपणी समूळ नाहीसा व्हावा, हे पटण्यासारखे नव्हते. शिवाय जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये टिकविलेले असल्याने त्यांच्यापासून आनुवंशिक द्रव्य मिळविणे दुष्कर होते.

२००३ मध्ये जपानचे मासाकी मिया व त्यांचे सहकारी यांनी अनेक माशांच्या कलकणिकांतील डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. तीत एक फीतपुच्छ मासा व एक व्हेलमासा यांचे डीएनए जवळजवळ एकसारखे आढळले. त्यानंतर डेव्हिड जॉन्सन, जॉन पॅक्स्टन, मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने व नवे नमुने पुन्हा तपासले. रूपांतराच्या मधल्या अवस्थेतील नमुने या कामी निर्णायक ठरले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, तिन्ही कुले एकच आहेत. फीतपुच्छ मासे हे डिंभ, व्हेलमासे या माद्या आणि मोठ्या नाकाचे मासे हे नर होत.

डिंभ वरच्या थरात कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी खाऊन वाढतात. खोल पाण्यात उतरताना मादीचा जबडा लांब व आडवा होतो व ती मोठे भक्ष्य पकडू लागते. नराची वाट वेगळी आहे. रूपांतर होत असलेल्या प्रत्येक नराच्या पोटात कोपेपॉडांचा गच्च गोळा आढळला. पुढे तो खाणे सोडतो, त्याचे जठर नाहीसे होते आणि यकृत प्रचंड वाढते. त्या यकृतातील साठ्यावर तो उरलेले आयुष्य काढतो, असे दिसते.

नावांचा प्रश्न

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, एकाच प्राणिगटाला अनेक नावे दिली गेली असल्यास सामान्यतः सर्वांत जुने नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे १८९५ चे सेटोमिमिडी हे नाव राहिले व इतर दोन कुले इतिहासजमा झाली. कोणता डिंभ व कोणता नर कोणत्या मादीच्या जातीचा, ही जुळणी मात्र एकेका जातीगणिक स्वतंत्रपणे करावी लागते.

ही चूक इतकी वर्षे का टिकली? डिंभ वरच्या थरातील बारीक जाळ्यांत सापडत. प्रौढ मासे खोल जाळ्यांत. त्यामुळे एकाच माशाच्या आयुष्याचे तुकडे वेगवेगळ्या मोहिमांत गोळा झाले आणि वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या हाती पडले. प्रत्येकाचे वर्णन आपापल्या जागी अचूकच होते. ज्याला जाती म्हटले ती केवळ एक अवस्था किंवा एक लिंग आहे, हे एकट्या वर्णनावरून कळणे शक्य नव्हते.  ज्या नमुन्यांचा अर्थ त्या काळी लागला नाही, तेही जपून ठेवले गेले. म्हणूनच अनेक दशकांनंतर त्यांची पुन्हा तपासणी होऊ शकली.