भैषज्य, मद्य आणि विनय

औषधी मूळ वा साल बारीक करून मद्यार्कात मुरत ठेवली की तिचे गुण द्रवात उतरतात आणि मद्यार्कामुळे तो द्रव लवकर नासत नाही. यालाच आपण टिंक्चर म्हणतो. पंचशील ग्रहण केलेल्या घरात मात्र प्रश्न उभा राहतो : औषधातील मद्य चालते काय? हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकातील महावग्गाच्या ‘भेसज्जक्खन्धक’ या प्रकरणात त्याचा निवाडा आहे.

पिलिंदवच्छ थेरांना वातविकार जडला. वैद्यांनी तेल कढवून देण्यास सांगितले; त्यात मद्य घालणे आवश्यक होते. भगवंतांनी अनुमती दिली. पुढे काही भिक्षूंनी त्यात मद्याचा अतिरेक केला आणि ते तेल पिऊन त्यांना नशा चढली. तेव्हा मर्यादा आखली गेली : ज्यात मद्याचा रंग, गंध वा चव जाणवत नाही तेच तेल प्यावे; मद्य अधिक झालेले तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे.

साठवणीचा विचारही तेथेच आहे. तेलासाठी धातूचा, लाकडाचा व फळाच्या कवचाचा असे ३ प्रकारचे तुंबे मान्य झाले. हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा ही मुळे आजन्म जवळ ठेवण्यास मुभा मिळाली. तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांना मात्र ७ दिवसांची मुदत पडली. कारण साठ्यामुळे विहारांत उंदीर माजले आणि हे श्रमण बिंबिसार राजासारखी कोठारे भरतात, अशी लोकांनी टीका केली.

येथे प्रत्येक नियमामागे कारण आहे. औषध नाकारलेले नाही. औषधाच्या आडून येणारी नशा आणि संचय नाकारला आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ‘टॉनिक’ म्हणून रोज घेतलेला पेला ती प्रतिज्ञा मोडतोच.

म्हणून आम्ही पालकांना सुचवितो : घरी पोटात घेण्याचा मद्ययुक्त अर्क करू नये. बाजारातील डिनेचर्ड स्पिरिट तर त्यासाठी कधीही वापरू नये. त्यातील मिथेनॉलने दृष्टी जाते, प्राणही जातो. मुळे पूर्ण वाळवून कोरड्या बरणीत ठेवावीत, काढा ताजाच करावा, प्रत्येक बरणीवर नाव व तारीख लिहावी आणि ती मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. दुखणे हटले नाही, तर डॉक्टरांकडे जावे.