बाजारातील जनावर आणि ग्लँडर्स रोग

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत, रंगपंचमीच्या सुमारास, गाढवांचा बाजार भरतो. दूरदूरची जनावरे तेथे एकत्र येतात. ग्लँडर्ससारख्या रोगास अशी गर्दी सोईची असते.

हा जंतुजन्य रोग २००६ साली महाराष्ट्रातील घोड्यांत पुन्हा आढळला. रोगी जनावराच्या नाकातील चिकट स्राव व कातडीवरील फुटलेल्या गाठींतील पू यांत जंतू असतात. तो स्राव हौदातील पाण्यास, चाऱ्यास, तोबऱ्यास वा लगामास लागतो व त्या वाटे शेजारच्या जनावरास बाधा होते. गाढव व खेचर यांना तीव्र ताप येऊन ती बहुधा थोड्याच दिवसांत दगावतात. घोडा मात्र महिनोन्‌महिने वरकरणी धडधाकट दिसून रोग पसरवीत राहतो. खरा धोका त्याचाच. यास्तव खरेदीच्या वेळी केवळ नाकपुड्या पाहून भागत नाही, रक्त तपासून घ्यावे. तोपर्यंत नवे जनावर निराळे बांधावे. त्याचा तोबरा व बादलीही वेगळी असावी.

या रोगावर लस नाही. रोग निश्चित झाल्यास २००९ च्या कायद्यान्वये जनावर नष्ट करावे लागते. शासकीय भरपाईची तरतूद आहे. तरी ज्याचे पोट त्या जनावराच्या पाठीवर चालते त्यास हे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु हा रोग माणसासही होतो व प्राणघातक ठरू शकतो. संशयित जनावराचे नाक उघड्या हाताने पुसू नये; पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.