सहकारी पत्ते: हलके की जड?

प्रश्न : आजीपासून नातवापर्यंत चौघांनी मिळून खेळावा असा सहकारी पत्त्यांचा खेळ कोणता?

उत्तर : 'द माइंड' (२०१८) घ्या. १ ते १०० आकड्यांतले हाती आलेले पत्ते न बोलता चढत्या क्रमाने टाकायचे, एवढाच गाभा. सहकारी खेळांत एखादा जाणता सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात. इथे बोलायलाच बंदी असल्याने ते टळते. असा हलका खेळ लवकर शिळा होतो, हा आक्षेप नेहमी खेळणाऱ्यांपुरता खरा. त्यांना 'द क्रू' द्यावा: हात करण्याचाच खेळ, पण चढत जाणाऱ्या ५० मोहिमांचा. मेंढीकोट येणाऱ्यांना तो चटकन उमगेल. पत्त्यांचा संच आधी जुळवून खेळायचा जड 'अर्कम हॉरर : द कार्ड गेम' मात्र नेमाने जमणारे दोघे-तिघे असतील तरच घ्या.