थंडीत जीप का रुसते?



डिसेंबर-जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यात कडाक्याची थंडी पडते. काही वर्षी तर परभणीचा पारा 5 अंशांच्याही खाली गेला आहे. अशा पहाटे डिझेलची जुनी गाडी लवकर चालू होत नाही. या हिवाळ्यात आमच्या जीपचं तेच झालं. बाबा तिच्यातून गावातलं दूध तालुक्याला नेतात. उशीर झाला की दूध परत येतं. रात्री आजारी माणसाला न्यायलाही तीच गाडी. एका ठिकाणी सांगितलं, इंजिनच खोलावं लागेल. तो खर्च म्हणजे आमच्या सोयाबीनचा सगळा पैसा! मग बाबांनी ओळखीच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. पाना उचलण्याआधी त्यांनी काय पाहिलं, ते मी वहीत लिहून घेतलं.

डिझेल पेटतं कसं?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 साली यशस्वी ठरलं, ते याच तत्त्वावर. दट्ट्या हवेला जोरात दाबतो. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. इथे मात्र हवा सुमारे 500 अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा पडला की ते पेटतं. पण इंजिनचं लोखंड गार असलं तर ते ही उष्णता शोषून घेतं. म्हणून आमच्या जीपसारख्या गाड्यांत हिटर प्लग असतात. ते बॅटरीवर तापून लाल होतात.

तपासणीचा क्रम

1. आवाज ऐका. स्टार्टर नुसता कटकट करतो किंवा रडत-रडत फिरतो, तर बॅटरी पाहा. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. चांगली भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर ते मोठ्यांनीच साफ करावं, कारण त्यात ॲसिड असतं.

2. धूर पाहा. स्टार्टर जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल किंवा पाइपात हवा धरली असेल. डिझेल थिजण्याइतकी थंडी आपल्याकडे नसते. लडाखमध्ये ते थिजतं, म्हणून इंडियन ऑइलने 2019 साली तिथे खास हिवाळी डिझेल आणलं.

3. पांढरा धूर आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. मग हिटर प्लग पाहा.

आमची जीप तिसऱ्या प्रकारात बसली. शिवाय दुपारी ती एका झटक्यात चालू व्हायची. चाचांनी प्लगांची वायर सोडली. बल्ब लावलेल्या वायरचं एक टोक बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलं आणि दुसरं एकेका प्लगला टेकवलं. चारपैकी दोन प्लगांवर बल्ब लागलाच नाही. ते दोन जळाले होते! नवे बसवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जीप सुरू झाली. इंजिन खोलावं लागलं नाही.

सगळे प्लग चांगले निघाले असते, तर इंजिनचा दाब मोजावा लागला असता. झिजलेलं इंजिनही थंडीत असंच रुसतं. पण ते मोजल्याशिवाय ठरवू नये.

हे करू नका

काही जण हवेच्या नळीपाशी पेट्रोलचा बोळा धरतात किंवा इंजिनखाली जाळ करतात. त्याने आग लागू शकते, इंजिनही फुटू शकतं.

मित्रांनो, शाळेत आपण आधी निरीक्षण करतो, मग प्रयोग, मग निष्कर्ष काढतो. गाडीचंही तसंच आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग काम शेवटी. पालकहो, कुणी मोठा खर्च सांगितला, तर एवढंच विचारा: हे कशावरून ठरवलं?

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी