आगपेटींतील काडी

जेवणापूर्वीं आपण भाकरीबद्दल देवाचे उपकार मानितों; ती ज्या विस्तवावर भाजली त्याबद्दल उपकार मानिल्याचें आम्हांस तरी आठवत नाहीं. काडी ओढिली, चूल किंवा शेगडी पेटली, काडी टाकून दिली.

पूर्वीं रात्रीं निखारे राखेखालीं जपून ठेवावे लागत. ते विझले तर चकमक झाडीत बसावें, नाहीं तर गोवरीच्या तुकड्यावर शेजाऱ्याच्या चुलींतला विस्तव मागून आणावा. पावसाळ्यांत चकमकीचा कापूस सर्दावला म्हणजे घरच्या बाईचे काय हाल होत असतील! आणि ज्यांचा स्पर्श गांवास चालत नसे, त्यांस दुसऱ्याच्या दारीं विस्तव मागणें किती जड जात असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

घासून पेटणारी काडी इंग्लंडांत जॉन वॉकर ह्या औषधविक्यानें १८२७ सालीं विकावयास आणिली. पुढें काडीच्या टोंकास पांढरा फॉस्फरस लावूं लागले. ती काडी कोठेंही घासली तरी पेटे. परंतु त्या फॉस्फरसाच्या वाफेनें कारखान्यांतील मजुरांच्या जबड्याचें हाड सडे. १८८८ सालीं लंडनमधील एका कारखान्यांतील सुमारें १४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या. १८९१ सालीं मुक्तिफौजेनें त्याच शहरांत आपला कारखाना काढिला. तेथें निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरीत व मजुरीही अधिक देत. मात्र पेटी महाग पडे, आणि गिऱ्हाईक स्वस्ताकडेच धांवतें. कांहीं वर्षांनीं तो कारखाना बंद पडला. तरी १९०६ सालीं बर्न येथें अनेक राष्ट्रांनीं पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्या बंद करण्याचा करार केला, आणि हिंदुस्थानांत १९१३ सालीं तसा कायदा झाला.

उपदेशक बंधूंनीं हा धडा शिकवितांना पेटी हातांत घ्यावी. एखाद्या मुलास काडी दगडावर घासावयास सांगावें. ती बहुधा पेटणार नाहीं. तांबडा फॉस्फरस काडीस नसतो, पेटीच्या कडेच्या काळसर पट्टीस असतो. त्या पट्टीसाठीं किती जणांनीं जबडे गमाविले, हें मग मुलांस सांगावें.

आपल्या देशांतील बहुतेक काड्या तामिळनाडूंत शिवकाशी, कोविलपट्टी ह्या भागांत होतात, आणि तें काम मुख्यतः स्त्रियाच करितात. पूर्वीं तेथें लहान मुलेंही राबत. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिवकाशीच्याच प्रकरणांत अशा मुलांस धोक्याच्या कामांतून काढून शिक्षण देण्याविषयीं हुकूम केला. १ डिसेंबर २०२१ पासून एका रुपयाची पेटी दोन रुपयांस झाली, तेव्हां आम्हीही कुरकुरलों. चौदा वर्षें ती एकाच रुपयास मिळत होती, हें त्या वेळीं आमच्या मनांतही आलें नाहीं.